ईनॉकच्या दगडाची शेवटची ओळ

वर्षातून एकदा, ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी, पूर्वजांच्या स्मरणसभेला, आम्हा रॅन्सडेलांना आमच्याच थडग्यांच्या टेकडीवर कोंडून घेतलं जायचं. याला दुसरा शब्द नाही. सकाळी खाणीचा रखवालदार स्कॅग्ज आपली गाडी पुढे घालून आम्हाला वर न्यायचा, मग खाली जाऊन फाटकाला साखळी लावायचा, आणि चार वाजता भोंगा वाजवून परत न्यायला यायचा. टेकडीच्या तीन अंगांनी चुनखडीची खाण खोदत खोदत आत आलेली. वर जाणारा रस्ता खाणीच्या अगदी कडेने जातो, म्हणून कंपनीचा नियम असा की स्कॅग्ज पुढे असल्याशिवाय त्या रस्त्यावर कोणी चाक घालायचं नाही.

"मध्येच कोणाला कळा सुरू झाल्या तर रे?" त्या वर्षी फाटकाशी मी त्याला विचारलं.

"तर वरच होऊ दे. रॅन्सडेल जन्मायला याहून चांगली जागा कुठली? मरायलाही नाही." मग आपलंच बोलणं आपल्याला टोचल्यासारखं होऊन त्याने टोपी काढली. "नियम माझा नाही गं, वीनी. माझी आई तुमच्याच चर्चमध्ये गायची."

"माहीत आहे. सुरात गायची. तू नाही गेलास तिच्यावर."

तो हसला आणि साखळी काढून आपल्या गाडीकडे वळला. फाटक ओलांडल्यावर आरशात मला त्यावर लोंबणारं कुलूप दिसलं.

माझ्या शेजारी कॉर्बिनकाका बसले होते. माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. ऐंशी कधीच ओलांडलेली, दोन्ही डोळे गेलेले, अंगात काळा कोट, आणि मांडीवर हात असे ठेवलेले की जणू त्यांत काही धरून आणलंय. आमच्या जुन्या बॅप्टिस्ट पंथात उपदेशक प्रवचन लिहून आणत नाही. तो उभा राहतो, आपण किती अपात्र आहोत ते सांगतो, साध्या आवाजात चाचपडत बोलू लागतो, आणि मग देवाची मर्जी असेल तर त्याच्या बोलण्याला सूर फुटतो. तिथून पुढे प्रवचन सांगितलं जात नाही, गायलं जातं. व्हर्जिनियाच्या या डोंगरांत मी पुष्कळ उपदेशक ऐकले, पण कॉर्बिनकाकांना सूर लागला की ओढ्यापलीकडची कुत्रीसुद्धा भुंकायची थांबायची. हे मी भक्तीच्या भरात सांगत नाही. डॉर्सीने मोठेपणी पैज लावून पाहिलेलं आहे.

डॉर्सी म्हणजे काकांचा मुलगा. तो पहाटेच दुसऱ्या गाडीतून सिमेंटच्या गोण्या, पाण्याचे डबे आणि दोन पहारी घेऊन फाटकाशी येऊन थांबला होता.

त्या वर्षीची स्मरणसभा नेहमीसारखी नव्हती. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मला कोर्टात उभं राहायचं होतं.

माझ्या आजोबांनी ही जमीन विकली तेव्हा एक अट घालून ठेवली होती: आमचा मूळपुरुष ईनॉक रॅन्सडेल याचा वंश जोवर चालू आहे तोवर त्या वंशाला टेकडीवर यायचा आणि आपली माणसं तिथे पुरायचा हक्क राहील. पुढे जमीन हातोहात फिरत या कंपनीकडे आली. कंपनीला टेकडीच्या पोटातली चुनखडी हवी होती. त्यांचा वकील म्हणाला, ईनॉक कोण, आणि तुम्ही त्याचे कोण, ते दाखवा. नाही दाखवता आलं तर थडगी आदराने उचलून महामार्गाजवळच्या नव्या दफनभूमीत नेऊ. 'आदराने' हा शब्द त्याने दोनदा वापरला.

काकांची बायको थेल्डाकाकू दोन हिवाळ्यांपूर्वी वारली, तिला तिथे वरच पुरलं. तिच्या शेजारची जागा काकांची. त्यांचं नाव दगडावर कोरून झालं होतं, फक्त शेवटचं साल बाकी. त्यांना जगाकडून दुसरं काही नको होतं. जेवताना, दाढी करून घेताना, माझ्या हाताला धरून चर्चच्या पायऱ्या चढताना ते एवढंच विचारायचे, "वीनी, होईल ना गं?"

"होईल, काका," मी म्हणायची.

कारण ईनॉकचा माग मीच काढला होता. मी शाळेची बस चालवते. उन्हाळे मोकळे असतात. कित्येक उन्हाळे मी त्या माणसामागे घालवले. समुद्राकाठच्या जुन्या गावांत, जिथे तो इंग्लंडच्या राजाच्या अमलात जन्मला, तिथल्या चर्चच्या आवारात गुडघे टेकून मी दगडांवरचं शेवाळ खरवडलं. मिठाच्या गाड्यांबरोबर पोरवयात तो डोंगराकडे कसा निघाला, कुठल्या घाटात त्याने खेचर विकलं, कुठे लग्न केलं, सगळं जुळवलं. देश अजून देश नव्हता तेव्हाचा माणूस. पण त्याचं चालणं मला माझ्या बापाच्या चालण्याइतकं ओळखीचं झालं होतं. त्याची मोठी मुलं पुढे मिझूरीकडे निघून गेली. इथे राहिला फक्त धाकटा, जुबल. आम्ही सगळे जुबलचे.

वकिलाने जुबलवरच बोट ठेवलं होतं. "हा ईनॉकच्या हयातीतच जन्मला याला आधार काय?" मी आधार गोळा केले. जुबलच्या थडग्यावर वय दिवसांसकट कोरलेलं. लढाईवर जाताना त्याने स्वतः सांगितलेलं वय तेच. मिझूरीतल्या एका म्हातारीच्या भिंतीवर जुबलच्या बहिणीने भरलेलं कापड होतं, त्यावर लाल दोऱ्याने भावंडांची जन्मसालं, तिथेही तेच. जुबल जन्मला सतराशे नव्वदच्या ऑक्टोबरात. आणि ईनॉकच्या दगडावर साल होतं सतराशे एक्क्याण्णव. वकील गप्प बसला. म्हणाला, सोमवारी न्यायाधीशांसमोर एवढं तुमच्या तोंडून सांगा, मग आमचं काही म्हणणं नाही.

आमची माणसं शपथ घेत नाहीत. ग्रंथावर हात ठेवत नाहीत. आमचं होय ते होय आणि नाही ते नाही. न्यायाधीशाला हे माहीत आहे आणि तो ते चालवून घेतो. म्हणजे माझा शब्द हाच पुरावा होता.

वर पोचल्यावर बायका झाडाखाली फळ्या टाकून जेवणाची मांडामांड करू लागल्या. तळलेली कोंबडी, शिजवलेल्या घेवड्याची पातेली, मक्याचा पाव, सुकवलेल्या सफरचंदांचे थर दिलेले केक. पोरं थडग्यांमधून पळत होती आणि कोणीतरी त्यांच्यावर ओरडत होतं. काकांना मी खुर्चीत बसवलं आणि डॉर्सीकडे गेले.

ईनॉकचा दगड टेकडीच्या अगदी माथ्यावर आहे. हाताने घडवलेला, पावसाने झिजलेला आणि पुढे कललेला. दरवर्षी तो थोडा खचायचा. कोर्टाच्या आधी तो सरळ उभा करून सिमेंटात बसवायचा, असं डॉर्सीने ठरवलं होतं. "कंपनीचा माणूस फोटो काढायला आला तर आपला मूळपुरुष ताठ दिसला पाहिजे," तो म्हणाला होता.

त्याने पहार घातली, मी दुसऱ्या बाजूने जोर लावला. दगड हलला, मातीने चूस असा आवाज केला आणि तो वर आला. आम्ही तो गोणपाटावर आडवा केला. मातीत गेलेला भाग ओला, काळा आणि गंमत म्हणजे अगदी धारदार होता. वरची अक्षरं बोटाने शोधावी लागायची. खालची काल कोरल्यासारखी.

"अरे, खालीपण काहीतरी आहे," डॉर्सी म्हणाला आणि त्याने तळहाताने चिखल पुसला.

वरची अक्षरं मला पाठ होती: ईनॉक रॅन्सडेल, साल, आणि 'देवाच्या हाती'. खाली, आजवर कोणी न पाहिलेली एक ओळ होती. 'तीन हिवाळे इथे निजल्यावर त्याचं प्रवचन झालं.'

डॉर्सीने ती मोठ्याने वाचली. "बरं मग?" तो म्हणाला. "छान आहे की."

मी खाली बसले.

आमच्या डोंगरात मरणं आणि मरणाचं प्रवचन या दोन वेगळ्या गोष्टी. माणूस मेला की शेजारी मिळून पुरून टाकतात, विशेषतः जुन्या काळात, रस्ते नव्हते तेव्हा. प्रवचन मात्र उपदेशक येईल तेव्हा. तो घोड्यावरून डोंगर ओलांडत यायचा, कधी वर्षाने, कधी त्याहून उशिरा. माझ्या पणजोबांचं प्रवचन झालं तेव्हा पणजी आपल्या दुसऱ्या नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून पहिल्यासाठी रडत होती, आणि तो दुसरा बिचारा तिला रुमाल देत होता. ही गोष्ट आमच्या घरात हसून हसून सांगितली जायची. आणि एवढं ठाऊक असून दगडावरचं साल हे मरणाचंच असणार असं मी धरून चालले. ते प्रवचनाचं होतं. एक्क्याण्णवमधून तीन हिवाळे मागे गेलं की ईनॉक अठ्ठ्याऐंशीच्या थंडीआधीच मातीत होता.

आणि जुबल नव्वदचा. ते तर मीच पक्कं करून ठेवलं होतं. एकेक खिळा मीच ठोकला होता.

"डॉर्सी," मी म्हणाले, "जुबल ईनॉकचा नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं, ओळीकडे पाहिलं, बोटांवर हिवाळे मोजले. मग त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

"हळू बोल," तो म्हणाला. "कोणाला सांगितलंस?"

"आत्ता तूच तर वाचलंस. सांगणार कधी?"

तो उठला, गोणी ओढून आणली आणि चाकूने तिचं तोंड फाडलं. "मी हे कालवतो. दगड होता तेवढाच खोल बसवतो. ओळ सिमेंटात. दोनशे वर्षं मातीत होती, कोणाचं काही अडलं? आणखी दोनशे राहील."

"आणि मी उद्या काय सांगू?"

"जे काल सांगणार होतीस तेच."

"काल मला माहीत नव्हतं."

"तर मग विसर!" त्याचा आवाज चढला आणि त्याने तो गिळला. "वीनी, माझी आई आहे तिथे. ती काय उचलून महामार्गावरच्या पेट्रोल पंपामागे नेऊन ठेवायची? तो वकील खोटं बोलून घर चालवतो आणि आपण खरं बोलून आई घालवायची?"

मी पळवाटा शोधत होते. म्हाताऱ्या कारागिराची चूक असेल. एक हिवाळा कमी-जास्त. पण एकाने भागत नव्हतं. जुबलचं साल सरकवता आलं असतं, तर ते मीच तीन ठिकाणी बांधून ठेवलेलं. गाडीत बसून निघून जावं, कुठेतरी दूर जाऊन विचार करावा, असं वाटलं. पण खाली फाटकाला साखळी होती. तिन्ही बाजूंना खाणीची पांढरी भिंत उन्हात चमकत होती, आणि झाडाखालून कोणीतरी ओरडत होतं, "वीनी, चहात साखर घातलीस का गं? की मी घालू?"

"घाल!" मी ओरडले. माझा आवाज मलाच परका वाटला.

तेवढ्यात काका आले. माझ्या एका भाचीने त्यांना हाताला धरून आणलं होतं. प्रवचनाआधी त्यांना दगडाला हात लावायचा असायचा, दरवर्षी. काठी टेकत ते गुडघ्यांवर बसले.

"आडवा केलात होय? बरं झालं. मला वाकायला सोपं." त्यांची बोटं वरच्या कडेवरून फिरली, नावाशी थांबली, सालाशी थांबली. 'देवाच्या हाती' वरून गेली तेव्हा त्यांचे ओठ हलले.

"बाबा, खाली चिखल आहे," डॉर्सी घाईने म्हणाला. "कोट खराब होईल."

"हा कोट तुझ्या आईनं शिवलाय. तिनं याहून वाईट चिखल काढलाय यातून." तरी त्यांनी हात मागे घेतला आणि खिशातल्या रुमालाला पुसला.

मग त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला. मी कुठे आहे ते त्यांना न बघता कळायचं. "वीनी, दगड पहिल्यांदाच वर आलाय ना? खाली अजून काही आहे का गं?"

डॉर्सी माझ्याकडे बघत होता. त्याच्या हातात फावडं होतं आणि डोळ्यांत पाणी. त्याने नकाराची मान हलवली, एकदाच.

नाही, एवढंच म्हणायचं होतं. एवढा छोटा शब्द. तो माझ्या तोंडात येऊन बसला. पण ज्या माणसाच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकत आले की आपलं होय ते होय असावं, तोच समोर गुडघ्यांवर बसला होता.

"आहे, काका."

"मग वाच की."

मी वाचली.

उशिराची प्रवचनं त्यांनी स्वतः कितीतरी गायलेली. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी हात पुढे करून ती ओळ शोधली आणि चिखलातून पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत बोट फिरवलं.

"जुबल नव्वदचा," ते म्हणाले. "तूच म्हणालीस."

"हो."

"पक्कं?"

"पक्कं."

"कोर्टात हे विचारतील?"

"न विचारता सांगावं लागेल. मला माहीत असलेलं सगळं खरं, असंच बोलायचं असतं."

"बाबा," डॉर्सी म्हणाला, "अजून ऐका माझं. दगड मी खोल बसवतो. हे तुम्ही ऐकलंच नाहीत, वीनीने वाचलंच नाही. तुम्ही वर्षभर विचारताय ना, होईल ना, होईल ना? हे असं होईल. दुसरं कसंही होणार नाही."

काका तिथेच बसून राहिले. त्यांचा जबडा हलत होता. मी त्यांना मरणाच्या दारातून दोनदा परत येताना पाहिलंय, पण इतकं भ्यायलेलं कधी पाहिलं नव्हतं. झाडाखाली मंडळी जमली होती. एका म्हाताऱ्याने गाण्याची पहिली ओळ पुढे टाकली आणि सगळ्यांनी ती लांब ओढून उचलली. आमचं गाणं असंच, एकाने ओळ द्यायची, बाकीच्यांनी ती डोंगरासारखी चढत-उतरत न्यायची. त्या आवाजात काका उठले.

"मला तिकडे ने," ते म्हणाले. "माझी पाळी आली."

"काय बोलणार आहात?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक? मी काय लिहून आणलंय?"

त्या सभेत ते दरवर्षी एकच गात. ईनॉकपासून नावं घ्यायची. ईनॉकचा जुबल, जुबलचे पाच, आणि ज्याच्या त्याच्या फांदीचं नाव आलं की ती माणसं उभी राहायची. तान्ही पोरंसुद्धा हातांवर उचलली जायची. म्हातारे त्यासाठीच वर यायचे.

काका उभे राहिले. आपण अपात्र आहोत म्हणाले. आवाज बसलेला, शब्द अडखळणारे. कुठेच काही लागेना. लोक चुळबुळ करू लागले. माझ्या मागे कोणीतरी कुजबुजलं, "थकले हो म्हातारबाबा." आणि मग ते थांबले, छातीवर हात ठेवला, आणि खालच्या पट्टीत सूर आला, प्रत्येक ओळीशेवटी श्वासाचा 'हा!' घेऊन.

"तारणाऱ्याची वंशावळ गातो मी, हा!
अब्राहामापासून निघाली, दाविदाच्या घरातून आली, हा!
बापामागून बाप, बापामागून बाप मोजत आली, हा!
योसेफ सुताराच्या दाराशी येऊन उभी राहिली, हा!
आणि सुताराचं रक्त त्या बाळात नव्हतं, हा!
योसेफानं दार लावलं का? लावलं नाही, हा!
योसेफानं पाळणा केला, हा!"

लोक पुढे सरकले. एका बाईने हात वर केला. त्यांनी मग ईनॉकचं नाव घेतलं, आणि सगळे उभं राहायच्या तयारीत बसले, पण ते जुबलवर गेले नाहीत. ते केझायावर गेले, ईनॉकच्या बायकोवर, जिचं नाव आम्ही कधी गातच नव्हतो.

"पहिला हिवाळा आला, केझाया एकटी, हा!
प्रवचन सांगायला कोणी नाही, हा!
दुसरा हिवाळा आला, लाकडं फोडायला कोणी नाही, हा!
आणि कोणीतरी दार वाजवलं, हा!
त्याचं नाव दगडावर नाही, हा!
त्याचं नाव माझ्या तोंडात नाही, हा!
तो चांगला होता का वाईट, मला ठाऊक नाही, हा!
तो आमचा बाप होता, हा!
आज ये, बाबा, येऊन आमच्यात बैस, हा!"

मी आयुष्यात पुष्कळ गाणं ऐकलं. असं कधी नाही. काय ऐकतोय ते काहींना लगेच कळलं, काहींना शेजाऱ्याने सांगितलं. माझी चुलत आत्या रडत पुढे गेली आणि तिने गात असलेल्या काकांचा हात धरला. मग एकामागून एक माणसं जाऊ लागली, कारण आमच्यात असाच हात देतात. एक बाई मात्र आपली पिशवी उचलून गाडीत जाऊन बसली आणि तिने काच वर केली. उकाड्यात ती तशीच बसली. तिलाही जायला जागा नव्हती. डॉर्सी पुढे आला नाही. तो वर माथ्यावर सिमेंट कालवत होता. फावड्याचा खरखराट सबंध प्रवचनभर चालू होता.

जेवणं झाली. एकदोघांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मीच त्या विधवेचं दार वाजवलं होतं.

काकांना कोंबडी काढून दिली तर त्यांनी ताट तसंच मांडीवर धरलं. डॉर्सी हात धुऊन आला.

"छान गायलात, बाबा," तो म्हणाला. "उद्या हेच न्यायाधीशापुढे गा. तो काय योसेफाच्या वंशावळीवर निकाल देणार आहे?"

"नाही देणार," काका म्हणाले.

"मग?"

"मग नाही."

"बस? एवढंच?" डॉर्सी माझ्याकडे वळला. "वीनी, तुला तोंड मिटून बसता आलं नाही. एक दिवस. एकच दिवस."

"त्यांनी विचारलं, डॉर्सी."

"आंधळ्या माणसानं विचारलं! तुला कोण बघत होतं?"

काकांनी ताट चाचपत खाली ठेवलं. "तिला बोलू नकोस. दगड बसवलास?"

"बसवला." डॉर्सीने नाक पुसलं. "खोल नाही घातला. ओळ वरच राहिली. आता लपवून काय मिळणार होतं?" आणि तो गोण्या आवरायला निघून गेला, पाय आपटत, पन्नाशीतला माणूस.

"वीनी," काका म्हणाले. मी जवळ गेले. "उद्या दगडावर आहे तसं सांग. मी गायलंय सगळ्यांपुढे. आता मला मागे फिरता येत नाही." मग त्यांचा हात माझ्या बाहीवर आला आणि त्यांनी ती मूठ भरून धरली. "मला तिच्याशेजारी झोपायचं होतं गं."

होईल म्हणायची सवय होती. ती सवय जिभेवर आली आणि मी तोंड बंद ठेवलं.

शेवटचं गाणं सुरू झालं. निरोपाचं गाणं चालू असताना आमच्यात प्रत्येक जण प्रत्येकाचा हात हातात घेतो, गोल फिरत. एरवी त्यात हसणं असतं, पुढच्या वर्षी भेटू असतं. त्या दिवशी पुढचं वर्ष कोणी तोंडातून काढलं नाही. लोक एकमेकांचे हात धरायचे आणि सोडायचेच नाहीत, मागचे ताटकळत राहायचे.

"मला थेल्डाकडे ने," काका म्हणाले.

मी त्यांना नेलं. त्यांनी दगडाची कड शोधली, तिच्या नावावरून हात फिरवला, मग आपल्या. गवतावरून चाचपत ते तिच्या डाव्या हाताला आले. तिथली जमीन मोकळी, सपाट, डॉर्सी दरवर्षी कापायचा ते गवत.

"इथे ना?"

"हो, काका. तिथेच."

त्यांनी काठी माझ्या हातात दिली. मग एका हातावर भार टाकून, कण्हत, ते खाली बसले आणि उताणे झाले. काळा कोट, पॉलिश केलेले बूट, पाय पूर्वेकडे, आमची सगळी माणसं निजतात तसे. टोपी काढून छातीवर ठेवली. त्यांचा एक हात बाजूला सरकला, गवतातून पलीकडे, जिथे ती होती.

"थोडा वेळ," ते म्हणाले. "आत्ताच झोपून घेतो."

मी तिथे बसले. गाणं संपलं. गाड्यांची दारं लागू लागली. डॉर्सी येताना मी पाहिला. तो आईच्या दगडापर्यंत आला, बापाला पाहिलं आणि पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. काका शांत होते. डोळे उघडे, आणि त्यात सगळं आभाळ.

खाली भोंगा वाजला.

काकांनी ऐकला. माझ्याकडे मान वळवली नाही. मीही हलले नाही. रांगेतल्या पहिल्या गाड्या सुरू झाल्या, धूळ उडाली. काही वेळाने भोंगा पुन्हा वाजला, या वेळी लांब, आणि स्कॅग्जची हाक आली, "वीनी! चला गं! मला फाटक लावायचंय!"

"उठवू का?" मी विचारलं.

"नको," ते म्हणाले. लहान मुलासारखं. "अजून नको."

डॉर्सी वळला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्याने एका बगलेत हात घातला, मी दुसऱ्या. काकांनी अंग सैल सोडलं होतं, मदत केली नाही; आम्हालाच उचलावं लागलं. कोटाच्या पाठीला गवत चिकटलं होतं. डॉर्सीने ते झटकलं नाही. आम्ही त्यांना मध्ये धरून उताराने गाडीकडे नेऊ लागलो, आणि ते सारखी मान मागे वळवत राहिले.